मुलांना लिहितं करायचं तर: शाळेत जाणाऱ्या लेखक-कथाकारांसाठी

शाळा लेखकाला बोलावते तेव्हा बहुतेक वेळा बेत ठरलेला असतो. सभागृहात तीनशे मुलं, मंचावर खुर्ची, स्वागत, तासभर बोलणं, शेवटी चार प्रश्न आणि सह्या. मुलं खूश होतात, फोटो निघतात, पण कुणाच्याही वहीत एक ओळ वाढत नाही. लेखनाबद्दल ऐकून लिहिता येत नाही. म्हणून शाळा पाच-सहा तास देणार असेल, तर ते सगळ्या शाळेवर एकाच दिवशी खर्च करू नका. एकच वर्ग घ्या, तीस-पस्तीस मुलांचा, आणि आठवड्याच्या अंतराने त्याला चार-पाच वेळा भेटा. पहिल्या भेटीत मुलं मोठ्यांना आवडेल असं वाटतं ते लिहितात. दुसऱ्या भेटीत तुमचा अंदाज घेतात: हा माणूस चुका काढणारा आहे की ऐकणारा? स्वतःचं असं काही कागदावर येतं ते तिसऱ्या भेटीत. एकाच भेटीला बोलावलं असेल तरी हरकत नाही, पण मग वर्ग एकच हवा, आणि त्यात बोलणं कमी, लिहिणं जास्त हवं.

या सगळ्या खटाटोपाचा हिशेब एकच आहे. प्रत्येक भेटीत प्रत्येक मुलाने निदान एक वाक्य असं लिहावं, जे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं. आणि ते वाक्य कुणीतरी कान देऊन ऐकावं.

जाण्याआधीची बोलणी

मुख्याध्यापकांशी बोलून भागत नाही. वर्गशिक्षकांशी अर्धा तास बोलून घ्या. वर्गाचा पट किती, लिहायला कुणाला जड जातं, कोण वर्गात बोलतच नाही, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं किती, अलीकडे कुणाच्या घरी मृत्यू किंवा फारकत झाली आहे का, हे सगळं आधी कळायला हवं. हे माहीत नसताना ‘वडिलांबद्दल लिहा’ असं सांगितलं, तर एखादं मूल वीस मिनिटं कोऱ्या कागदाकडे बघत बसतं आणि ते का लिहीत नाही हे तुम्हाला कळतही नाही.

वेळ मागताना जोडतास मागा. एक तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली पाच मिनिटं मुलं बसण्यात आणि पाच उठण्यात जातात. उरलेल्या वेळात लिहिणं होतं, पण वाचून दाखवणं राहतं, आणि अर्धा जीव तर वाचून दाखवण्यातच आहे. ऐंशी मिनिटं मिळाली तर दोन्ही नीट होतं. वर्ग साठ मुलांचा असेल तर दोन तुकड्या करून दोनदा शिकवा. मानधन, प्रवासखर्च, झेरॉक्स कोण काढणार, मुलांचे कागद कुणाकडे राहणार, फोटो आणि छापील लेखन यासाठी पालकांची परवानगी, हे सगळं लेखी ठरवा. मुलाचं लेखन त्या मुलाचं असतं. तुमच्या पुढच्या भाषणात ते वापरायचं असेल, तर त्याला आणि पालकांना विचारा.

दोन अटी सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगा. पहिली अट, वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात थांबतील. तुम्ही पाहुणे आहात. मुलांबरोबर एकट्याने असू नये, हे मुलांच्याही हिताचं आणि तुमच्याही. शिवाय तुम्ही गेल्यावर हे काम चालू ठेवणार आहेत ते शिक्षकच. शक्य असेल तर त्यांनाही कागद द्या आणि मुलांबरोबर लिहायला बसवा. बाई लिहिताना खाडाखोड करतात हे मुलांनी पाहिलं की वर्गाचा ताण निम्मा होतो. दुसरी अट, या तासांत लाल पेन बंद. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं यांची वेळ शेवटच्या आधीच्या भेटीत येते आणि तेव्हा ती नीट पाळायची असते. पहिल्याच मसुद्यावर गोल पडले, तर पुढच्या वेळी मूल फक्त ज्यांचं शुद्धलेखन पक्कं येतं तेवढेच शब्द वापरतं. मग ‘झुंबड’ लिहायचं असताना ते ‘गर्दी’ लिहितं, आणि वाक्य तिथेच फिकं पडतं.

गोष्ट सांगून सुरुवात

वर्ग उघडायला गोष्टीइतकं चांगलं साधन नाही. सात ते दहा मिनिटं पुरे. पाठ करू नका. पाठ केलेली गोष्ट मध्येच एखाद्याने दार वाजवलं की तुटते. गोष्ट सात-आठ चित्रांमध्ये मनात ठेवा: रिकामं घर, बंद दार, दाराखालून येणारा उजेड, असं. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मध्ये पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ एवढंच शब्दशः पाठ असू द्या. ही ओळ तिसऱ्या वेळी मुलं तुमच्याबरोबर म्हणू लागतात. तेव्हा थांबा आणि ती त्यांनाच म्हणू द्या.

खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि निम्मी गोष्ट तर चेहऱ्यावरच असते. लहान मुलं जमिनीवर, तुमच्यापासून दोन-तीन मीटरच्या आत, अर्धवर्तुळात बसवा. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली तर आवाज चढवू नका, उतरवा. वाक्य हळू करा आणि चुळबुळ करणाऱ्याकडे न पाहता त्याच्या दिशेने दोन पावलं जा. पुस्तकातून वाचून दाखवणार असाल तर ते वाचन, गोष्ट सांगणं नव्हे. दोन्हीची जागा वेगळी आहे. वाचताना मुलांना शब्द ऐकू येतात, सांगताना तुम्ही त्यांच्याकडे बघू शकता. पहिल्या भेटीत बघणं जास्त गरजेचं.

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. तात्पर्य विचारलं की मुलांना ही परीक्षा होती हे कळतं आणि कान मिटतात. त्याऐवजी विचारा: “ते दार कोणत्या रंगाचं होतं?” तुम्ही रंग सांगितलेलाच नसतो. एक जण हिरवा म्हणतो, दुसरी म्हणते रंग उडालेला, तिसरा म्हणतो पत्र्याचं होतं, त्याला रंग नव्हता. मग म्हणा, “मी फक्त ‘दार’ म्हणालो. बाकीचं कुणी केलं?” वर्गात क्षणभर शांतता पसरते. ऐकणाऱ्याने अर्धी गोष्ट स्वतः बांधली होती, हे मुलांना इतक्या चटकन दुसऱ्या कुठल्याच मार्गाने कळत नाही. लगेच कागद वाटा: “तुमचं दार लिहा. कडी कशी आहे, हात लावला तर काय लागतं, उघडताना कसला आवाज येतो.” आठ मिनिटं. लिखाणाची सुरुवात झाली, आणि ‘आता आपण सर्जनशील लेखन करू या’ असं म्हणावंही लागलं नाही.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पद्धत उलटी आहे: गोष्ट त्यांनी सांगायची, लिहायची तुम्ही. शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी ही रीत वर्षानुवर्षं वापरली आणि तिच्यावर लिहिलंही. मूल जवळ बसतं, सांगतं, आणि त्याचा शब्द न् शब्द तुम्ही उतरवून घेता. लांबी एक पान, पान संपलं की गोष्ट थांबते. ‘कुत्रा आला मग कुत्रा गेला मग कुत्रा आला’ असं असेल तर तसंच लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणा, म्हणजे बोललेला शब्द कागदावर कसा उतरतो हे मुलाला दिसतं. शेवटी सगळं वाचून दाखवा आणि विचारा, “काही राहिलं का?” त्याच दिवशी वर्गाच्या मध्यभागी जमिनीवर चिकटपट्टीने एक चौकोन आखा, मुलं भोवती बसवा आणि ती गोष्ट वाचत वाचत करून दाखवा. कुत्रा कोण होणार हे गोष्ट सांगणारा ठरवतो, बाकीची पात्रं रांगेने पुढच्या मुलांकडे जातात. एका बैठकीत तीन-चार गोष्टींच्या वर घेऊ नका. ज्यांची राहिली त्यांची नावं फळ्यावर यादीत ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा. ही यादी मुलं विसरत नाहीत, तुम्हीही विसरू नका.

आधी सगळ्यांनी मिळून, मग एकेकट्याने

मोठ्या मुलांना थेट ‘लिहा’ म्हणण्याआधी फळ्यावर सगळ्यांची मिळून एक कविता करा. कवी केनेथ कोक १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक स्कूल ६१ मध्ये शिकवू लागले तेव्हा त्यांनी हाच धागा पकडला. प्रत्येकाने एक ओळ द्यायची, तिची सुरुवात ‘माझी इच्छा आहे की...’ या शब्दांनी व्हायची, आणि तिच्यात एक रंग, चित्रकथेतलं एक पात्र आणि एखाद्या शहराचं किंवा देशाचं नाव यायलाच हवं. यमकाचा आग्रह नाही. या अटींचा उपयोग समजून घेण्यासारखा आहे. ‘कविता लिहा’ म्हटलं की मूल कवितेसारखं दिसणारं काहीतरी शोधू लागतं. ‘एक रंग आणि एक शहर घाल’ म्हटलं की ते रंग आणि शहर शोधू लागतं, आणि कविता मागच्या दाराने आत येते.

कोक यांचाच दुसरा साचा मराठीत फार छान चालतो: ‘आधी मी... होतो, आता...’ फळ्यावर तो लिहा आणि ओळी मागा. पहिलं मूल हमखास म्हणतं: “आधी मी लहान होतो, आता मोठा आहे.” ही ओळ चूक नाही, पण ती वर्गातल्या कुणाचीही असू शकते. तिला ‘छान’ म्हणू नका आणि नाकारूही नका. फळ्यावर लिहा आणि एकच प्रश्न विचारा: “लहान होतास तेव्हा कुठे मावायचास, जिथे आता मावत नाहीस?” थोडा विचार करून ते म्हणतं: “टेबलाखाली.” “मग सांग.” “आधी मी टेबलाखाली उभा राहायचो, आता चेंडू काढायला वाकलो तरी डोकं आपटतं.” जुनी ओळ पुसू नका. नवी तिच्याखाली लिहा आणि वर्गाला विचारा, कुठली ओळ डोळ्यांना दिसते? उत्तर सगळे एका सुरात देतात. आणि चांगलं लेखन म्हणजे काय, याची व्याख्या तुम्हाला सांगावी लागत नाही. असं दोन-तीन ओळींबरोबर करा, मग वर्ग आपोआप तपशील देऊ लागतो. दहा ओळी झाल्या की थांबा. पंधरा-वीस ओळी गोळा करत बसलात तर मागच्यांचा उत्साह ओसरतो आणि स्वतः लिहायला वेळ उरत नाही.

गद्याकडे न्यायचं असेल तर इटालियन लेखक जानी रोदारी यांची युक्ती घ्या. एका मुलाला फळ्याच्या एका बाजूला आणि दुसऱ्याला फळ्यामागे, एकमेकांना न दिसता, एकेक नाम लिहायला लावा. समजा, आले ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’. दोन शब्द एकमेकांपासून पुरेसे लांब हवेत. ‘कुत्रा’ आणि ‘मांजर’ आले तर ठिणगी पडत नाही. रोदारी हे शब्द इटालियन शब्दयोगींनी जोडत. मराठीत तर विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययांचं भांडारच हाताशी आहे. वर्गाबरोबर फळ्यावर जोडा: कपाटातला कुत्रा. कुत्र्याचं कपाट. कपाटासाठी कुत्रा. कुत्र्यावाचून कपाट. कपाटाआडचा कुत्रा. प्रत्येक जोडी म्हणजे वेगळी गोष्ट. ‘कपाटातला कुत्रा’ हा कोंडलेला आहे की लपलेला? ‘कुत्र्यावाचून कपाट’ म्हणजे त्या घरात काय घडून गेलं? मुलांनी एक जोडी निवडायची आणि पहिली पाच वाक्यं लिहायची. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणी वाटलेली अव्ययं इथे गोष्टीची किल्ली होतात, आणि हे पाहून वर्गशिक्षकांचाही चेहरा खुलतो.

लिहायची वीस मिनिटं

विषय देताना तो अरुंद करा. ‘माझी शाळा’ या विषयावर मुलांकडे निबंधाची तयार वाक्यं असतात आणि ती ओघाने येतात. ‘शाळेतली अशी एक जागा, जिथे तुम्ही एकटे असता. तिथे कसला आवाज येतो?’ यावर तयार वाक्य कुणाकडेच नसतं. जागा एक, इंद्रिय एक, मर्यादा एक, एवढं धरून कितीही विषय काढता येतात: दप्तराच्या तळाशी सापडणाऱ्या सात गोष्टी. तुमच्या घरातल्या माणसाचे हात, चेहरा अजिबात न सांगता. एका मिनिटात घडलेली घटना, एका पानात. अशी खोटी दिनचर्या, ज्यात एकही वाक्य खरं असता कामा नये. शेवटचा विषय गप्प मुलांसाठी राखून ठेवा. खरं सांगायची सक्ती सुटली की ती बोलू लागतात.

अर्धा कागद द्या, पूर्ण नाही. पूर्ण पान भरायचं आहे या भीतीने लिहायला अवघड जाणारं मूल सुरूच करत नाही. अर्धं पान भरलं की ते स्वतःहून दुसरं मागतं, आणि ते मागणं त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते. नाव कागदाच्या मागे. खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं, कारण खोडलेलं वाक्य कधीकधी नव्यापेक्षा चांगलं असतं आणि दुसऱ्या मसुद्यात ते परत हवं असतं. फळ्याच्या कोपऱ्यात ‘आज सुट्टीवर असलेले शब्द’ म्हणून चार शब्द लिहा: खूप, छान, सुंदर, मस्त. ‘सूर्यनारायणाने दर्शन दिले’ आणि ‘पाखरांचा किलबिलाट’ हेही त्या दिवशी सुट्टीवर.

घरच्या बोलीत लिहायची परवानगी स्पष्ट शब्दांत द्या. नुसतं ‘कसंही लिहा’ म्हणून भागत नाही. फळ्यावर स्वतः एक वाक्य बोलीत लिहून दाखवा. गोष्टीतला आजोबा घरात जसा बोलतो तसाच कागदावर बोलला तर त्याचा आवाज ऐकू येतो. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, असं दोन्ही मिसळायलाही हरकत नाही. ज्यांची घरची भाषाच वेगळी आहे त्यांना शब्द अडला तर तो आपल्या भाषेतला लिहू द्या आणि अर्थ नंतर विचारा.

सांगून झालं की गप्प बसा. पाहुण्यांची नेहमीची चूक म्हणजे मुलं लिहू लागल्यावरही सूचना देत राहणं. पहिली चार-पाच मिनिटं फिरू नका, डोकावू नका, स्वतःही त्याच विषयावर लिहा. मग उठा आणि ज्यांचा कागद कोरा आहे त्यांच्याकडे जा.

“काही सुचत नाही” याचा अर्थ बहुतेक वेळा “सुचलंय, पण ते बरोबर आहे का माहीत नाही” असा असतो. अशा मुलाशेजारी बसा, उभं राहून वाकू नका. हळू आवाजात तोंडी विचारा: कुठली जागा? तिथे जाताना आधी काय लागतं? ते जे पहिलं वाक्य बोलेल ते त्याच्याच शब्दांत त्याच्या कागदावर तुम्ही लिहायला घ्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पेन त्याच्या हातात द्या. अर्धं वाक्य पुरं करणं हे नवं वाक्य सुरू करण्यापेक्षा सोपं असतं. आणि उठून जा. तुम्ही शेजारी बसून राहिलात तर ते पुढच्या वाक्यासाठीही तुमच्याकडेच बघेल. हात चालत नसलेल्या मुलाचं सगळंच लिहून घ्यायला वर्गशिक्षकांना बसवा. तोंडी रचलेलं लेखन हेही लेखनच आहे.

टीव्हीवरच्या मालिकेची नाहीतर गेमची गोष्ट जशीच्या तशी येते, त्यात मारामाऱ्या असतात. बंदी घालू नका. विचारा: तो पडला तेव्हा जमीन कशी होती? घरी त्याची वाट कोण बघत होतं? तपशील मागितला की उसनी गोष्ट हळूहळू आपली होते. वर्गातल्या एखाद्याची टिंगल करणारं लिखाण मात्र तिथेच थांबवा. नावं बदलून चालत नाही, कारण वर्गाला कळतंच.

एखाद्या कागदावर दुखरं काही आलं तर

मुलांना मनातलं लिहायला सांगितलं की कधीतरी मार, छळ, स्वतःला इजा करण्याचा विचार असं काही कागदावर येतं. त्याची तयारी पहिल्या भेटीआधी हवी. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाकडे आहे, ते नाव आधीच विचारून ठेवा. असा कागद हाती आला तर तो वर्गात वाचू नका, वाचू देऊ नका. मुलाला म्हणा, “तू हे लिहिलंस ते बरं केलंस. हे मला एका माणसाला सांगावं लागेल, जे मदत करू शकतात.” ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका. मुलाचे शब्द, तारीख आणि वेळ लिहून घ्या आणि त्याच दिवशी, शाळेतून निघण्याआधी, त्या जबाबदार व्यक्तीच्या हाती द्या. गोष्ट काल्पनिक असण्याची शक्यता असते. ते ठरवणं तुमचं काम नाही.

वाचून दाखवणं

हिशेब करून घ्या. शंभर शब्द वाचायला साधारण एक मिनिट लागतं, उठणं-बसणं धरून दीड. तीस मुलांची पंचेचाळीस मिनिटं होतात, तेवढी नसतात. म्हणून पहिल्या दोन भेटींत प्रत्येकाने आपलं एकच आवडतं वाक्य वाचायचं, रांगेने, मध्ये टाळ्या नाहीत. वीस सेकंदांचं एक धरलं तर दहा मिनिटांत सगळा वर्ग होतो आणि कुणीही राहत नाही. उरलेल्या वेळात पाच-सहा जण पूर्ण वाचतील, आणि ही मुलं दर भेटीला वेगळी असतील याची नोंद ठेवा. एरवी तीच चार हात पुन्हा पुन्हा वर येतात. लाजणाऱ्याला विचारा, “मी वाचू का, नाव न सांगता?” नाही म्हणालं तर नाही.

ऐकणाऱ्यांनी काय बोलायचं हे शिकवावं लागतं. ‘छान’, ‘आवडलं’ बंद. दोनच प्रकार: “मला ते ... दिसलं” आणि “मला ... जाणून घ्यायचंय.” पहिल्याने लिहिणाऱ्याला कळतं काय पोचलं, दुसऱ्याने कळतं काय राहिलं. तुम्हीही हेच दोन प्रकार वापरा. क्रमांक, बक्षीस, ‘आजची सर्वोत्तम कविता’ यातलं काहीही नको. एकाला नंबर दिला की बाकी एकोणतीस जण पुढच्या वेळी त्याच्यासारखं लिहितात.

दुसरा हात

तिसऱ्या-चौथ्या भेटीत जुना कागद परत द्या. ‘सुधारा’ म्हटलं की मुलं फक्त अक्षर सुधारून पुन्हा उतरवून काढतात. म्हणून एकेक ठरावीक काम सांगा. पहिलं वाक्य बोटाने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. बहुतेकदा गोष्ट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यालाच सुरू झालेली असते. मग उताऱ्यातला असा एक शब्द शोधा, जो कुणाच्याही कागदावर चालेल.

‘माझी आजी खूप प्रेमळ आहे’ हे वाक्य घ्या. ‘प्रेमळ’ला गोल करा आणि विचारा, “ती काय करते तेव्हा तुला तसं वाटतं?” मूल म्हणतं, शर्टाचं बटण लावते. “कसं?” “माझ्या अंगावर शर्ट तसाच ठेवून लावते आणि दोरा दाताने तोडते.” झालं. नवं वाक्य: ‘आजी माझ्या अंगावरच शर्टाचं बटण टाकते आणि दोरा दाताने तोडते, तेव्हा तिचे केस माझ्या हनुवटीला लागतात.’ केसांचं कुणी विचारलं नव्हतं, ते मुलाचं मुलाने घातलं. ‘प्रेमळ’ शब्द आता कुठेच नाही, आणि त्याची गरजही नाही. एका मुलाच्या परवानगीने हे सगळ्यांसमोर एकदा फळ्यावर करून दाखवा, मग जोडीजोडीने एकमेकांच्या कागदावर एकच शब्द गोल करायला सांगा. एकच. पाच गोल पडले की मूल कागद दप्तरात कोंबतं.

शुद्धलेखन त्यानंतर. इथे वर्गशिक्षकांनी पुढे यावं आणि तुम्ही मागे. आता चूक दुरुस्त करण्याला कारण असतं: हे छापायचं आहे.

पुस्तिका

शेवटच्या भेटीला वर्गाच्या हातात एक छापील वस्तू असावी. ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात, म्हणून पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत. तीस मुलांचा वर्ग असेल तर आठ कागद, बत्तीस पानं: एक मुखपृष्ठाच्या आतलं नावाचं पान, एक अनुक्रमणिका, तीस पानं मुलांची. प्रत्येकी एक पान, हाताने लिहिलं तर शंभर-एकशेवीस शब्द बसतात. कुठलं लेखन द्यायचं ते मुलाने निवडायचं, शिक्षकांनी नाही.

पानं लावताना गोंधळ ठरलेला. लक्षात ठेवायचं एवढंच: कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त. बत्तीस पानांत ती तेहतीस: सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला ३२ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ३१. झेरॉक्सला टाकण्याआधी आठ कोऱ्या कागदांची नकली पुस्तिका दुमडून तिच्यावर क्रमांक टाका आणि ती समोर ठेवूनच पानं जुळवा. कडेला बोटभर समास सोडा, नाहीतर मुलांची शेवटची अक्षरं मशीन खातं.

शिवण तीन भोकांची. मुखपृष्ठासकट सगळे कागद एकात एक घालून घडी बोटाच्या नखाने पक्की करा. २१ सेंटिमीटरच्या घडीवर बरोबर मध्ये एक भोक, आणि वर-खाली कडेपासून तीन-तीन सेंटिमीटरवर एकेक. मोठ्यांनी टोच्याने पाडून द्यावीत. दोरा घडीच्या अडीचपट, म्हणजे ५२-५५ सेंटिमीटर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत मध्याशी येतात. आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक टोक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं घेऊन, टाका मध्ये धरून दुहेरी गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर टाका सैल पडतो आणि मधली पानं सुटतात. नऊ-दहा वर्षांची मुलं ही शिवण एकदा पाहून स्वतः करतात.

प्रत्येक मुलाला एक प्रत, एक ग्रंथालयाला. ग्रंथालयाची प्रत खरंच फडताळात जावी, नोंदवहीत तिला क्रमांक मिळावा आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांना ती घरी नेता यावी, हे ग्रंथपालांशी आधी बोलून ठरवा.

निघताना वर्गशिक्षकांच्या हाती

एका पानावर दहा अरुंद विषय लिहून द्या, त्यांच्या वर्गाला धरून काढलेले. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, त्यातली सात लिहायची आणि तीन एकेक वाक्य वाचायची. या वह्या तपासायच्या नाहीत, फक्त वाचायच्या, आणि समासात पेन्सिलने एक ओळ: काय दिसलं किंवा काय जाणून घ्यायचंय. चाळीस वह्या एकदम घेऊ नयेत, रोज आठ घ्याव्यात, म्हणजे पाच दिवसांत वर्ग होतो आणि शिक्षकांवर भार पडत नाही. कोण पूर्ण वाचून दाखवायचं राहिलं आहे, ती तुमची नोंदही त्यांना द्या. पुढच्या सोमवारी पहिला नंबर त्या यादीतल्या पहिल्या नावाचा.